लावॉनबाई आणि तिसरा थांबा

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी सव्वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. एखादा गडी नुसती बिजागरी घ्यायला येतो आणि ड्रिलच्या अख्ख्या संचाकडे आशाळभूतपणे बघत बसतो, तेव्हा मीच त्याला सांगतो, की बाबा, तुझ्या दाराला एवढं लागणार नाही. या सल्ल्यावर गावात माझी थोडीफार पत आहे. मागच्या मार्चमध्ये मी स्वतः काडतुसं भरायचं यंत्र घ्यायला बसलो तेव्हा असा सल्ला देणारा माणूस समोर नव्हता, कारण तो माणूस मीच होतो आणि मला भेटायला वेळ नव्हता.

आमच्या पूर्व मोंटानातल्या नेमबाजीच्या क्लबात बहुतेक जण आपली काडतुसं आपणच भरतात. फैरी झाडून झाल्या की सगळे गुडघे धरून वाकतात आणि खडीतून रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचतात. त्या धुवायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, आत मापाची बंदुकीची दारू घालायची, तोंडावर शिसाची गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. या कामाचा एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. शेजाऱ्याचा ट्रक न विचारता न्यावा, त्याच्या घरचं जेवावं, त्याच्या पोराला जावई करून घ्यावं, पण त्याचं काडतूस नको. यात कोणी अपमान मानत नाही. मी मानला, पण ते पुढे येईल.

लावॉनबाई स्टेनस्रूड सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. उंची बेताची, पांढरे केस स्वतःच कात्रीने कापलेले, आणि आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. चौतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. उणे तीस अंशांतही चालवली. मी त्याच बसने शाळेत गेलो. आज मी चोपन्न वर्षांचा आहे, चर्चच्या कमिटीवर आहे, पण बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी माझा हात समोरच्या सीटची दांडी शोधायला लागतो.

फेरी संपली, पोरं उतरली, की बाकीचे ड्रायव्हर कॉफी प्यायला पळायचे. लावॉनबाई मात्र प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघत शेवटपर्यंत चालत जायच्या. त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी शाळेने बसच्या मागच्या टोकाला भोंगा बसवला. ड्रायव्हर मागे जाऊन बटण दाबेपर्यंत तो कोकलत राहायचा. बाकीचे चिडले. बाई म्हणाल्या, बरं झालं, सोबत मिळाली. त्या बटण दाबायच्या आणि परत येताना पुन्हा सगळ्या सीटा बघायच्या. या चौतीस वर्षांत त्यांना हातमोजे सापडले, जेवणाचे डबे सापडले, एकदा मांजर सापडलं. मूल एकदाही सापडलं नाही.

काडतुसंही त्या अशीच भरत. त्यांच्याकडे नवऱ्याच्या, ओरिनच्या, वेळचं जुनं यंत्र होतं. एका वेळी एकच काम करणारं. आधी पन्नास पुंगळ्यांच्या टिकल्या, मग पन्नासांत दारू, मग टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावून बघणं, आणि मगच गोळ्या. ओरिन गेल्यावर त्यांच्या आठवड्यात रविवारचं चर्च आणि शनिवारची नेमबाजी एवढंच उरलं होतं. त्यातलं चर्च त्यांना फारसं आवडत नसे.

मग त्यांच्या अंगठ्यांचे सांधे सुजले. रिव्हॉल्व्हर धरता यायचं, पण दुकानातली तयार काडतुसं एवढा झटका देत की सहा फैरींनंतर हात बर्फात ठेवावा लागे. त्यांना लागत ती कमी दारूची, अगदी हलकी काडतुसं, आणि तशी फक्त घरीच भरता येतात. ती भरायचं हँडल आता त्यांच्याने ओढवेना. मार्चमध्ये कॉफी पिता पिता त्या सहज म्हणाल्या, की हा उन्हाळा शेवटचा. भरून ठेवलेली संपली की रिव्हॉल्व्हर पुसून कपाटात ठेवणार.

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या मागोमाग, अर्ध्या मिनिटात, मला नवं यंत्र दिसायला लागलं.

हे यंत्र वेगळं. एकदा हँडल ओढलं की खालची गोल ताटली एक घर पुढे सरकते आणि पाच थांब्यांवर वेगवेगळी कामं एकदम होतात. पहिल्या थांब्यावर जुनी टिकली जाऊन नवी येते, दुसऱ्यावर दारू पडते, चौथ्यावर गोळी दाबली जाते, पाचव्यावर तोंड आवळलं जातं. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस टोपलीत. तासाला बाराशे होतात, असं माहितीपत्रकात होतं. मी बायकोला, कॉर्लिसला, हा आकडा वाचून दाखवला. तिने विचारलं, महिन्याला तू झाडतोस किती? मी म्हटलं, दीडशे. ती म्हणाली, "म्हणजे साडेसात मिनिटांचं काम. महिन्याच्या उरलेल्या वेळात गॅरेज आवर."

गॅरेज मी आवरलं, यंत्राला जागा हवी म्हणून. मग जोडसामान निवडायला बसलो. यंत्र निवडायला मला एक दिवस लागला होता, जोडसामानाला तीन आठवडे लागले. पुंगळ्या आपोआप सोडणारा डबा घेतला. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून रोलरचं हँडल घेतलं. माझी उंची मोजून उंच स्टँड घेतला. टिकल्या संपत आल्या की वाजणारी घंटी, यंत्रावर घालायचं शिवलेलं आच्छादन, मोठी टोपली, आणि बाईंच्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचा वेगळा संच, ज्याच्या नावावर बाकीचं सगळं खपवायचं होतं. पुंगळ्यांच्या आत उजेड पाडणारा छोटा दिवा तेवढा नको म्हटलं. कुठेतरी काटकसर करायला हवी ना.

राहिला तिसरा थांबा. तो रिकामा येतो, त्याच्यावर आपल्या पसंतीचं काहीतरी बसवायचं. एक तर दारू तपासणारा भोंगा, म्हणजे पुंगळीत दारू कमी पडली किंवा जास्त पडली की तो वाजणार. नाहीतर गोळ्या आपोआप सोडणारी नळी. ती बसवली की हाताने एकेक गोळी ठेवायची गरज नाही, नुसतं हँडल ओढत राहायचं. दोन्ही एका थांब्यावर बसत नाहीत. मी कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, की त्याच्या घरच्या यंत्रावर भोंगा आहे. मी विचारलं, नळीने वेग किती वाढतो? त्याने आकडा सांगितला. मी नळी घेतली.

मे महिन्यात मी बाईंसाठी पन्नास हलकी काडतुसं भरली. डब्यावर छापील चिठ्ठी लावली. तिच्यावर तारीख, वजन आणि खाली ठळक अक्षरात माझं पूर्ण नाव, आर्लन क्वाले. त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी दिली, रूबार्बच्या आंबट-गोड वड्या दिल्या, चष्मा लावून डबा उघडला, दोन-तीन काडतुसं उजेडात फिरवून बघितली. छपाई छान आहे म्हणाल्या. मग डबा बंद करून फ्रिजवर ठेवला.

"आर्लन, दुसऱ्याचं काडतूस मी झाडत नाही. तुला माहीत आहे."

"मी काय दुसरा आहे का, बाई? लहानपणापासून ओळखता मला."

"ओळखते. म्हणून तर."

मग त्यांनी विचारलं, की प्रत्येक पुंगळीत बघतोस का? मी म्हटलं, यंत्रच सगळं मापात करतं. त्या म्हणाल्या, "मी यंत्राला नाही विचारलं." मी तिसरी वडी खाल्ली आणि विषय बदलला. घरी येताना ट्रकमध्ये मी एकटाच त्यांच्याशी भांडत होतो, आणि एकटा असल्यामुळे जिंकतही होतो. जुन्या वळणाच्या आहेत, हट्टी आहेत, माझं यंत्र बघितलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं, असं बरंच काही मी स्टीअरिंगला सांगितलं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मॅच होती. एका रांगेत लोखंडी तबकड्या, कमीत कमी वेळात सगळ्या पाडायच्या. बाई आता स्वतः मोजूनमापून झाडत होत्या, महिन्याला सहा-बारा. बाकी वेळ त्या नेम धरणाऱ्याच्या मागे उभं राहून वेळ मोजायच्या आणि चूक दिसली की थांबवायच्या. माझी पाळी आली. मी माझ्या पिस्तुलात माझी काडतुसं भरली. माझा मित्र ड्वाइट रूड मागे बाकावर बसला होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, की ही तासाला बाराशेवाली.

तीन तबकड्या पडल्या. चौथ्या फैरीला फट् झालं. मोठा आवाज नाही, नुसतं फट्, कोणीतरी बाटलीचं बूच काढल्यासारखं. म्हणजे काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. असा फुसका बार झाला की थांबायचं असतं, कारण तुंबलेल्या नळीत पुढची फैर झाडली तर नळी हातात फुटते. हे मला माहीत आहे. नव्या सभासदांना हे मीच शिकवतो. पण घड्याळ चालू होतं आणि ड्वाइट बघत होता. माझ्या डाव्या हाताने सवयीने पिस्तुलाचा वरचा भाग खेचला, नवं काडतूस आत गेलं, आणि बोट चापावर आलं.

"आर्लन, बस खाली!" मागून बाईंचा बसमधला आवाज आला.

मी खाली बसलो. नळी समोरच्या मातीकडे, बोट चापावरून बाहेर, आणि सव्वादोनशे पौंडांचा मी खडीवर मांडी घालून. मैदानावर असं कोणी बसत नाही. तिथे नुसतं थांब म्हणायची पद्धत आहे. पण नुसत्या थांबला मी थांबलो नसतो, हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी शेजारी उभं राहून माझ्याकडून पिस्तूल रिकामं करवून घेतलं. नळीतून उजेड दिसत नव्हता. मागे कोणी हसलं नाही, यावरून मला कळलं की प्रकार केवढा होता. हसायला त्यांनी पुढच्या शनिवारपासून सुरुवात केली. अजूनही मी मैदानावर आलो की ड्वाइट बाक पुसून मला बसायला सांगतो.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर बाई थेट माझ्या गॅरेजमध्ये आल्या. एका हातात फ्रिजवरचा तो डबा, दुसऱ्या हातात त्यांचा वजनकाटा. किती भरली आहेस म्हणून विचारलं. माझी अकराशे, तुमची पन्नास, मी म्हणालो. सगळी फोडायची, त्या म्हणाल्या.

हातोडीसारखं एक प्लास्टिकचं साधन असतं. त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते. मी ठोकायचो, बाई दारू काट्यावर ओतून बघायच्या. तीन रविवार आम्ही हेच करत होतो. साडेसात मिनिटांत दीडशे भरणारा माणूस तासाला साठ फोडत होता. कॉर्लिस कॉफी आणून ठेवायची आणि यंत्राच्या शिवलेल्या आच्छादनाकडे एकदा बघून आत जायची. माझ्या अकराशेत आणखी एक रिकामं निघालं. ते का झालं तेही कळलं. ती गोळ्यांची नळी मधूनच अडकायची, मी हात घालून सोडवायचो, ताटली मागेपुढे करायचो, आणि कोणत्या पुंगळीत दारू पडली आणि कोणत्यात नाही याचा पत्ता राहायचा नाही.

"तिसऱ्या थांब्यावर हीच नळी येते का?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं, की भोंगाही मिळत होता. मीच नको म्हटलं.

"का?"

"वेगासाठी."

"एवढ्या घाईने जायचं कुठे होतं तुला?"

मी पुढचं काडतूस ठोकलं. बाईंनी त्यांचा डबा शेवटी फोडायला घेतला. सगळी ठीक निघत होती. मला मनातून बरं वाटायला लागलं होतं, निदान बाईंसाठी भरलेली तरी नीट आहेत. चव्वेचाळिसावं ठोकलं. बाईंनी दारू काट्यावर ओतली. मग पुन्हा मोजली. दुप्पट होती. एकाच पुंगळीत दोनदा पडलेली. ज्या हातांना हलक्या काडतुसाचाही त्रास होतो, त्या हातांसाठी भरलेली.

मला रडू आलं. चोपन्नाव्या वर्षी, गॅरेजमध्ये, हातात प्लास्टिकची हातोडी घेऊन मी रडलो. डब्यावर माझं नाव ठळक अक्षरात होतं. त्या जर माझं मन मोडायला नको म्हणून एकदा तरी हो म्हणाल्या असत्या, तर ही दुप्पट दारू त्यांच्याच हातात उडाली असती.

"उरलेली सहा ठोक," बाई म्हणाल्या.

ती सहा ठीक निघाली. मी म्हणालो, हे यंत्र विकून टाकतो. बाई काट्याची ताटली रुमालाने पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "नव्या ड्रायव्हर पोराने पहिल्याच वळणावर बस खड्ड्यात घातली म्हणून शाळा बस विकते का? पोराला शेजारी बसवून पुन्हा शिकवते." मग म्हणाल्या, की त्या भोंग्यासाठी फोन कर, आणि दिवा मागव, आणि मला बसायला उंच स्टूल आण, तुझ्या उंचीचा स्टँड घेतला आहेस, मला इथून काही दिसत नाही.

भोंगा आला. फोनवर तोच माणूस होता. त्याने मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. गोळ्यांची नळी मी उतरवली. तिचा वरचा डबा कॉर्लिसने कपड्यांच्या चिमट्यांसाठी घेतला आहे. एवढं महागडं चिमट्यांचं भांडं आमच्या जिल्ह्यात दुसरं नसेल. दिवा बसवला, त्याचा उजेड थेट पुंगळीच्या तळापर्यंत जातो. स्टूल मी माझ्याच दुकानातून आणलं.

ऑगस्टमध्ये रोज सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी, बाई येऊन त्या स्टुलावर बसायच्या. मी हँडल ओढायचो आणि थांबायचो. त्या पुंगळीत वाकून बघायच्या, "हं" म्हणायच्या. मग त्या स्वतःच्या सुजलेल्या बोटांनी एक गोळी तोंडावर ठेवायच्या, आणि मी पुढची ओढ घ्यायचो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, बाई, आता भोंगा आहे, कमी-जास्त झालं तर तोच वाजेल. त्या म्हणाल्या, वाजू दे की, त्याचं काम तो करेल. मी म्हटलं, चौतीस वर्षांत बसमध्ये एकदाही मूल राहिलं नव्हतं, तरी तुम्ही बघतच होतात. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघत होते, म्हणून राहिलं नाही." मी हँडल ओढलं. भोंगा महिनाभर एकदाही वाजला नाही.

तासाला आमची नव्वद व्हायची. चिठ्ठी बाई हाताने लिहायच्या, तारीख आणि वजन, बस. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली. माझ्या नावाने पुरेसं नुकसान केलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मॅच होती. वारा सुटला होता. बाईंनी जॅकेटच्या खिशातून तो डबा काढला आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसं भरली. त्यांची स्वतःची जुनी भरलेली जुलैतच संपली होती, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. गप्पा थांबल्या. ड्वाइटला मात्र राहवलं नाही.

"बाई, ही आर्लनच्या गॅरेजमधली ना? तुम्ही तर दुसऱ्याचं काडतूस झाडत नाही."

बाईंनी कानांतले बोळे नीट केले. "नाहीच झाडत," त्या माझ्याकडे एकदा बघून म्हणाल्या आणि तबकड्यांकडे वळल्या.

सहा फैरी झाल्या. सहाही सारख्या आवाजाच्या, हलक्या. पाच तबकड्या पडल्या, एक हुकली. बाईंनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, हाताची बोटं दोन-तीनदा उघडली मिटली, आणि वेचायला वाकता येत नाही म्हणून पुंगळ्या आपल्या टोपीत ओतून घेतल्या. मी तिथेच खडीवर खाली बसलो. या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं.